मोईन-मोईन: सोललेली चवळी, केळीचं पान आणि इडलीची सवय

मोईन-मोईन म्हणजे साल काढलेल्या चवळीचं वाटण. त्यात कांदा, लाल मिरची, तेल आणि सुक्या कोळंबीची पूड घालायची, पानात बांधायचं आणि उकडायचं. नायजेरियाच्या नैऋत्य भागातल्या योरुबा लोकांचा हा पदार्थ आता देशभर खाल्ला जातो. लग्नाच्या जेवणात टोमॅटो-मिरचीत शिजवलेल्या जोलोफ भाताशेजारी तो असतो आणि सकाळी पातळ पेजेबरोबरही चालतो. बोलताना बरेच जण ‘मोयमोय’ म्हणतात, उत्तरेकडचे हौसा लोक ‘अलाले’ म्हणतात.

गोव्यात याचं बहुतेक सामान बाजाराच्या एका फेरीत मिळतं. चवळी आहे, केळीचं पान परसात आहे, सुकी कोळंबी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या, डब्यात आहे. तरीही पहिल्या खेपेला मोईन-मोईन बिघडतं, आणि ज्यांना उकडीचे पदार्थ चांगले जमतात त्यांच्याच हातून जास्त बिघडतं. कारण हात इडलीचा आणि सान्नांचा, म्हणजे गोव्यातल्या इडल्यांचा, असतो. पीठ रात्रभर ओट्यावर ठेवावंसं वाटतं, चिमूटभर सोडा घालावासा वाटतो, वरून मोहरीची फोडणी द्यावीशी वाटते. यातलं काहीच इथे लागत नाही. मोईन-मोईन फुगवायचं नसतं, घट्ट बसवायचं असतं, खरवसासारखं. सुरी लावली की स्वच्छ कापलं गेलं पाहिजे आणि जिभेवर कणी लागता कामा नये.

चवळी कोणती घ्यायची

काळ्या डोळ्याची साधी पांढरी चवळी घ्या. नायजेरियात या कामाला पांढरी आणि तपकिरी, दोन्ही चवळ्या वापरतात. तपकिरीतली ‘एवा ओलोयिन’ म्हणजे मधासारखी गोडसर चवळी तिथे मानाची. इथे पांढरी सहज मिळते आणि तिच्यावर रंगही चांगला चढतो. अळसांदे ही चवळीचीच भावंडं, त्यांचंही होईल. पण अळसांद्यांची सगळी मजा अख्ख्या दाण्यात आणि त्याच्या रसात आहे. ते तोणाकासाठी, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या आमटीसाठी, ठेवा, वाटण्यात घालवू नका.

चवळी जुनी नको. वर्षभर डब्यात पडलेली चवळी भिजायला हट्टी असते, तिचं साल दाण्याला चिकटून बसतं आणि कितीही वाटली तरी रवाळ राहते. दाणा दाताखाली धरून पाहा. कटकन दोन तुकडे झाले तर चांगली, दगडासारखा न फुटता निसटला तर भाजीला वापरा.

मोठ्या किराणा दुकानात सोललेली चवळीची डाळही मिळते. गुजराती घरांत ती नेहमीची. मिळाली तर अर्धा तास वाचतो आणि पदार्थात काही कमी पडत नाही. अडीचशे ग्रॅम अख्ख्या चवळीऐवजी सव्वादोनशे ग्रॅम डाळ घ्या आणि सोलण्याचा भाग सोडून पुढे जा. फक्त डाळ विकत घेताना वास घ्या. साल नसल्यामुळे ती लवकर खवट होते.

सामान

दहा वाट्या किंवा दहा पुड्यांसाठी: चवळी २५० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड कप. लाल ढोबळी मिरची एक मोठी, बिया काढून १५० ग्रॅम. कांदा एक मोठा, १०० ग्रॅम. तिखट लाल मिरच्या दोन ते चार, घरच्यांच्या सोसण्याप्रमाणे. शेंगदाणा तेल ७५ मिलिलिटर, म्हणजे पाच मोठे चमचे. सुक्या कोळंबीची पूड दोन मोठे चमचे. मीठ दीड छोटा चमचा आणि सूपचा एक क्यूब. क्यूब नको असेल तर मीठ दोन छोटे चमचे करा. द्रव, म्हणजे पाणी किंवा मासळीचा स्टॉक, सुमारे ३५० मिलिलिटर. याचं नेमकं माप पुढे येतं, कारण ते चवळीच्या वजनावर ठरतं. आत भरायला तीन उकडलेली अंडी आणि दोन बांगडे.

मिरचीबद्दल थोडं सविस्तर. नायजेरियात या पदार्थात दोन प्रकारच्या मिरच्या पडतात: रंग आणि गर देणारी लांबट, मांसल ‘ताताशे’ आणि जाळ देणारी, गोल सुरकुतलेली ‘आता रोडो’. ही दुसरी म्हणजे हाबानेरोच्या कुळातली, तिखटाबरोबर तिला फळासारखा वास असतो. ताताशेच्या जागी लाल ढोबळी बरोबर बसते. आता रोडोच्या जागी पिकून लाल झालेली ताजी तिखट मिरची घ्या. तो फळाचा वास येणार नाही, पण जेवणाऱ्याला उणीव कळणार नाही. हिरवी मिरची घातली तर रंग मळकट होतो. ढोबळी महाग असेल किंवा फिकी निघाली तर काणकोणच्या तीन-चार सुक्या खोला मिरच्या गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून वाटणात घाला. रंग झकास येतो. बेडगीही चालेल. मिरची पूड मात्र नको, ती उकडीच्या पदार्थात कच्ची लागते.

तेलाचंही तसंच. तिथे कुणी साधं तेल घालतं, कुणी लाल पाम तेल. आपल्याकडे मिळणारं पामोलिन म्हणजे ते नव्हे. शुद्ध करताना त्याचा लाल रंग आणि वास दोन्ही निघून गेलेले असतात. शेंगदाणा तेल वापरा. खोबरेल घातलं तर पहिल्या घासालाच गोवा आठवेल, नायजेरिया नाही. तेल कमी करायचा मोह होईल, तोही आवरा. पाच चमचे जास्त वाटतात, पण दहा पुड्यांत ते अर्धा-अर्धा चमचा पडतं. त्याहून कमी केलं तर मोईन-मोईन घशात अडकतं.

सुकी कोळंबी ही या पदार्थाची खरी चव. तिथे धुरावलेली, वाळवलेली ‘क्रेफिश’ कुटून घालतात. आपला गालमो, म्हणजे जवळा, त्याच कामाचा. निवडून, वाळू झटकून, कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन मिनिटं भाजा, गार करा आणि मिक्सरला बारीक करा. न भाजता घातला तर उग्र वास येतो. गालमो बहुधा खारवलेला असतो. चिमूटभर तोंडात टाकून पाहा आणि मीठ त्या मानाने कमी करा. शाकाहारी करायचं असेल तर कोळंबी, अंडी, मासे सगळं गाळा, कांदा दीडपट करा आणि द्रवासाठी भाज्यांचा स्टॉक घ्या. चव सौम्य होते, पण पदार्थ पडत नाही.

सालं काढणं

इथे कंटाळा करू नका. साल राहिलं की तीन गोष्टी होतात: वाटण खरखरीत होतं, रंग राखाडी होतो आणि पुडी कापताना भुगा पडतो, कारण सालाचे तुकडे बसणाऱ्या वाटणाला मध्येच तोडतात.

चवळी दोनदा धुऊन साध्या पाण्यात वीस ते पंचवीस मिनिटंच भिजवा. आपली सवय रात्रभर भिजवण्याची, आणि इथेच पहिली चूक होते. थोडा वेळ भिजवली की साल पाणी पिऊन फुगतं, सुरकुततं, पण दाणा आत अजून कडक असतो. त्यामुळे साल सैल आणि दाणा घट्ट अशी अवस्था मिळते. रात्रभर भिजवली तर दाणाही फुगून सालाला आतून टेकतो आणि मग चोळताना साल निघण्याऐवजी दाणाच तुटतो. बोटांत धरून एक दाणा चिमटून पाहा. साल टोपीसारखं घसरलं की वेळ झाली.

आता दोन वाटा आहेत. हाताने: मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन दाणे दोन्ही तळव्यांमध्ये कपडे चोळल्यासारखे चोळा. मिक्सरने: मोठ्या भांड्यात दाणे आणि ते बुडून वर दोन बोटं राहील इतकं पाणी घ्या आणि बटण एक सेकंद दाबून सोडा, असं चार-पाच वेळाच. पाचव्यांदा हात थांबला पाहिजे. आठ-दहा वेळा फिरवलं की दाण्यांचा चुरा होतो आणि तो सालांबरोबर गाळणीत वाहून जातो. दाण्याचे दोन-दोन तुकडे झाले तर बिघडत नाही, वाटायचेच आहेत.

मग सगळं पातेल्यात ओतून वरून पाण्याची धार सोडा. सालं हलकी, ती तरंगतात, आणि डाळ तळाशी बसते. पातेलं किंचित तिरकं करून वरचं पाणी सालांसकट गाळणीत ओता, पुन्हा पाणी घाला, हाताने तळ ढवळा, पुन्हा ओता. पहिल्या दोन पाण्यांत सालं झुंडीने येतात, तिसऱ्या-चौथ्यात विरळ होतात, सहाव्या-सातव्यात बोटांना चार-दोन लागतात. काळा डोळा सालालाच चिकटलेला असतो, त्यामुळे पातेल्यात काळे ठिपके दिसेनासे झाले की काम झालं. पाच-दहा डोळे राहिले तर सोडून द्या, कण्या बारीक होतील. पन्नास राहिले तर पुन्हा चोळा. सालं फेकू नका, परसातल्या झाडांच्या बुंध्याशी टाका किंवा गाईला घाला.

सोलून झाल्यावर डाळ पुन्हा साध्या पाण्यात दोन तास भिजवा. दुसऱ्या भिजवणीत दाणा आतपर्यंत मऊ होतो आणि वाटण गुळगुळीत येतं. गोव्याच्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, तीन तासांपुढे पाणी फेसाळायला लागतं. जास्त वेळ ठेवायची असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. आंबूस वास आला तर इडलीसारखं ‘छान आंबलं’ म्हणू नका. ते मोईन-मोईन खाणाऱ्याच्या लेखी नासलेलं असतं. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं. पोटात वायू धरणाऱ्या शर्करेचा काही भाग त्याबरोबर निघून जातो.

पाण्याचं माप

निथळलेली डाळ वजनकाट्यावर ठेवा. अडीचशे ग्रॅम कोरड्या चवळीची साधारण पाचशे ग्रॅम भरते. दर शंभर ग्रॅम भिजलेल्या डाळीला ७० मिलिलिटर द्रव, हे माप धरा. पाचशेला ३५० झालं. यात कांदा आणि ढोबळीचं अंगचं पाणी धरलेलं नाही, ते दिलेल्या मापाला सांभाळून घेतलं जातं. ढोबळी दोन घातल्या तर मात्र ५० मिलिलिटर द्रव कमी करा. बांगडे उकडलेलं पाणी गाळून द्रव म्हणून वापरलं तर उत्तमच. स्टॉक पूर्ण गार हवा. गरम स्टॉक ओतला की पिठातला स्टार्च तिथल्या तिथे गोळा होतो आणि गुठळ्या काही केल्या मोडत नाहीत.

वाटताना सगळं द्रव एकदम ओतू नका. डाळ, कांदा, ढोबळी आणि मिरच्या यांचे तीन भाग करा. प्रत्येक भागाला पात्याला फिरता येईल एवढंच, ८० मिलिलिटरच्या आसपास, थंडगार द्रव घाला. घट्ट वाटण बारीक वाटलं जातं, पातळ वाटणात कण पात्यापासून निसटत राहतात. मिनिटभर फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा मिनिटभर. भांडं हाताला गरम लागलं की थोडं थांबा. थेंबभर वाटण अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहा. रवा लागला तर अजून फिरवा, साय लागली की झालं. घरातल्या मिक्सरला प्रत्येक भागासाठी तीन-चार मिनिटं लागतात. पाटा-वरवंटा किंवा वेट ग्राइंडर असेल तर जास्तच छान.

उरलेल्या द्रवाने मिक्सरचं भांडं विसळून वाटणात घाला. आता मोठ्या पातेल्यात मीठ, क्यूबची पूड, कोळंबीची पूड आणि तेल घालून लाकडी उलथन्याने किंवा रवीने एकाच दिशेने पाच मिनिटं फेटा. तेल वर तरंगताना दिसेनासं झालं पाहिजे. रंग गडद केशरीवरून फिका नारिंगी होतो, म्हणजे हवा आत गेली.

दाटपणाची खूण अशी: इडलीच्या पिठाहून सैल, घावनाच्या पिठाहून घट्ट. डावातून सोडलं तर धार तुटता कामा नये आणि पातेल्यातल्या पिठावर तिची रेघ दोन सेकंद दिसून मग विरावी. रेघ टिकूनच राहिली तर दोन चमचे पाणी घाला. मुळीच उमटली नाही तर पाणी जास्त झालंय. त्यावर तांदळाचं पीठ किंवा बेसन टाकायला धावू नका. पातेलं अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, वर आलेलं पाणी डावाने अलगद काढा आणि मग फेटा.

खात्री नसेल तर चहाच्या बशीत दोन चमचे पीठ घालून बारा मिनिटं वाफवा, गार करा आणि चाखा. मीठ आणि दाटपणा दोन्ही तेवढ्यात कळतात, आणि दहाच्या दहा पुड्या बिघडण्यापासून वाचतात. उकडल्यावर मीठ किंचित कमी लागतं, म्हणून कच्चं पीठ जरा खारट वाटलं पाहिजे.

पान की वाटी

नायजेरियातलं खास पान वेगळं. थॉमॅटोकॉकस नावाच्या रुंद पानांच्या झुडपाचं ते असतं, योरुबात त्याला ‘एवे एरान’ म्हणतात. ते इथे नाही, पण केळीचं पान ही तडजोड मानायचं कारण नाही. पोर्तुगीजांच्या गुलामांच्या व्यापारात पश्चिम आफ्रिकेतले लोक ब्राझीलच्या बाहियात नेले गेले. तिथे याच चवळीच्या वाटणाचं ‘अबारा’ झालं, आणि ते केळीच्या पानातच उकडतात. तळलेल्या भावंडाचं नाव तिथे ‘आकाराजे’. केळीचं पान या कुटुंबात फार पूर्वीच येऊन बसलेलं आहे.

हळदीचं पान मात्र इथे नको. पातोळ्यांचा तो वास आपल्याला कितीही प्रिय असला तरी कोळंबी आणि मिरचीशी भांडतो.

पानाची मधली शीर काढून टाका, अर्ध्या पानाचे दोन वीत लांबीचे तुकडे करा आणि गॅसच्या मंद ज्योतीवरून सरकवत न्या. रंग गडद होऊन पान तुकतुकीत झालं की ते वळतं, त्याआधी दुमडलं तर चिरतं. पावसाळ्यातली कोवळी पानं पातळ असतात, त्यांचे दोन थर आडवे-उभे घ्या. चकचकीत बाजू आत ठेवा आणि आतून तेलाचा हात फिरवा.

घडी अशी: पान भेळेच्या कागदासारखं शंकूत गुंडाळा, खालचं टोक दोन बोटं मागे दुमडून अंगठ्याने दाबून धरा. दुसऱ्याने डावाने पीठ ओतायचं, एकट्याने करायचं तर शंकू उंच पेल्यात उभा करा. शंकू दोन तृतीयांशच भरा. त्यात अंड्याची एक फोड आणि बांगड्याचा एक तुकडा बुडवा, मग वरची बाजू खाली दुमडून दोन्ही कडा मागे घ्या. पीठ शिजताना थोडं वर येतं, काठोकाठ भरलं तर पुडी दुमडीतून ओघळते. दोऱ्याने बांधायची गरज नाही, पुड्या एकमेकींना टेकवून ठेवल्या की आपोआप मिटून राहतात.

हे सगळं पहिल्यांदा नको वाटलं तर सरळ स्टीलच्या वाट्या घ्या. नायजेरियातही शहरांत दुधाचे रिकामे डबे, वाट्या, ॲल्युमिनियम फॉइल असं सगळं चालतं. वाटीला तेल लावा, पाऊण भरा आणि झाकण म्हणून पानाचा गोल तुकडा ठेवा, नाहीतर वरच्या झाकणाची वाफ थेंबाथेंबाने पडून पृष्ठभागावर चिकट डबकं होतं. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून उकडायची पद्धतही आहे. ती आम्ही सुचवणार नाही, उकळत्या पाण्यात तासभर असलेली साधी पिशवी खाण्याजवळ नको.

आत काय भरायचं याला मर्यादा नाही. सात तऱ्हांचा ऐवज भरलेल्या मोईन-मोईनला योरुबात ‘एलेमी मेजे’, म्हणजे सात जीवांचं, असं म्हणतात. बांगड्याची निवड उगाच केलेली नाही. नायजेरियाच्या बाजारात ‘टायटस’ नावाने मिळणारा गोठवलेला मासा बांगड्याचाच लांबचा भाऊ. बांगडे हळद न लावता, मिठाच्या पाण्यात आठ मिनिटं उकडा, काटे काळजीपूर्वक काढा आणि मोठ्या फोडी ठेवा. मऊ पिठात काटा दडतो, आणि जेवणारा गाफील असतो.

वाफवणं

मोदकपात्र, इडलीपात्र, सान्नां वाफवायचं भांडं, काहीही चालेल. पानाच्या पुड्यांना जुनी रीत सगळ्यात बरी: खोल पातेल्याच्या तळाशी पानाच्या काढलेल्या शिरांचे तुकडे आडवेतिडवे रचा, तीन बोटं पाणी घाला, उकळी आणा आणि मगच पुड्या दुमड वर ठेवून उभ्या लावा. वर पानाचे उरलेले तुकडे पसरा, घट्ट झाकण लावा आणि आच मध्यम करा. पाणी पुड्यांच्या बुडाला लागता कामा नये. तळात एक नाणं टाकून ठेवा. ते खडखडतं तोवर पाणी आहे, आवाज थांबला की उकळतं पाणी कडेने ओता. गार पाणी ओतलं तर वाफ बसते आणि मधल्या पुड्या कच्च्या राहतात.

भरायच्या आधी दरवेळी पातेल्यातलं पीठ तळापासून ढवळा. चवळीचा स्टार्च जड असतो, पाच मिनिटांत खाली बसतो. न ढवळता भरलं तर पहिल्या पुड्या पाणचट आणि शेवटच्या दगडासारख्या होतात. भरून ओट्यावर थांबवून ठेवलेल्या पुडीचंही तेच: खाली घट्ट थर, वर पाणी आणि तेल. म्हणून पाणी आधी उकळलेलं हवं आणि पुडी भरली की लगेच भांड्यात गेली पाहिजे.

वाटीला ३० ते ३५ मिनिटं, पानाच्या पुडीला ५० मिनिटं ते तास. प्रेशर कुकर वापरला तर शिट्टी काढून. दाब सुटताना पुड्या फुटतात. मधली एक पुडी काढून टूथपिक टोचा, कोरडी आली पाहिजे. पण खरी परीक्षा गार झाल्यावर होते. गरम मोईन-मोईन मऊच लागतं, कच्चं राहिलं असं वाटून लोक ते पुन्हा अर्धा तास उकडतात आणि मग ते रबरासारखं होतं. गॅस बंद करून झाकणाखाली पाच मिनिटं, बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं, एवढं थांबा आणि मग पान उलगडा. नीट झालेलं असेल तर पानाच्या शिरांची नक्षी त्यावर उमटलेली दिसते आणि पान न चिकटता सुटतं.

बिघडलं तर कशामुळे

कच्च्या डाळीचा वास येत असेल तर बहुधा कांदा कमी पडला किंवा मध्ये वाफ बसली. आणखी वीस मिनिटं उकडून पाहा. घट्ट, कोरडं, घशात अडकणारं झालं तर द्रव किंवा तेल कमी पडलं, किंवा फेटणं राहिलं. त्याला आता इलाज नाही, काप करून रश्श्यात सोडा. मऊ राहून बसलंच नाही तर पाणी जास्त झालं. फ्रिजमध्ये रात्रभर ठेवून पाहा, बऱ्याचदा सावरतं. खरखरीत लागलं तर सालं राहिली, किंवा दुसरी भिजवण आखडली.

कशाबरोबर खायचं, किती टिकतं

नायजेरियात न्याहारीला ‘ओगी’बरोबर खातात. ओगी म्हणजे मका, ज्वारी किंवा बाजरी भिजवून, आंबवून केलेली पातळ पेज. आपली नाचणीची आंबील तिची जवळची नातलग, आंबटपणा इथे असा बाहेरून येतो आणि छान जुळतो. दुपारी जोलोफ भाताबरोबर किंवा गरम पोईबरोबर, म्हणजे गोव्याच्या पावाबरोबर, द्या. आमटी, चटणी, सॉस यांची गरज नसते, असलीच तर कांदा परतून केलेली मिरची-टोमॅटोची घट्ट चटणी.

गोव्याच्या हवेत बाहेर दोन तासांपुढे ठेवू नका, मासे-अंडी असतील तर त्याहून कमी. फ्रिजमध्ये पानासकट तीन दिवस. मासे भरलेल्या किंवा काहीच न भरलेल्या पुड्या फ्रीजरमध्ये महिनाभर राहतात. अंडं गोठवलं की पांढरा भाग चामट होतो. पुन्हा गरम करताना वाफवाच. दुसऱ्या दिवशी गार पुडीचे बोटभर जाड काप तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतले तर कडा कुरकुरीत होतात.

त्याच डाळीचा आकारा

चवळी सोलण्याचे कष्ट घेतलेच आहेत तर पाचशे ग्रॅम जास्त सोला आणि आकारा करा. हे तळलेले वडे नायजेरियात शनिवारच्या सकाळी ओगीबरोबर खातात, हौसा लोक त्यांना ‘कोसाई’ म्हणतात. डाळ तीच, पण वाटण्याचा नियम उलटा. पाणी जवळजवळ नाहीच. दर अडीचशे ग्रॅम चवळीच्या डाळीला पातं फिरण्यापुरते चार-पाच चमचे. घट्ट वाटण खोलगट पातेल्यात घेऊन हाताने आठ मिनिटं फेसा. हात दुखायला लागतो तिथून पुढची दोन मिनिटं खरी. पांढरट, फुगीर झालं की थेंब पाण्याच्या वाटीत सोडा. तरंगला पाहिजे. बुडाला तर अजून फेसा. सोडा नको. आत जाळी येते ती या हवेची.

बारीक चिरलेला कांदा, मिरची आणि मीठ अगदी शेवटी, कढईतलं तेल तापल्यावर घाला. मीठ आधी पडलं तर कांद्याचं पाणी सुटतं, फेस खाली बसतो आणि वडे चपटे, तेलकट होतात. तेल चार बोटं खोल हवं. पिठाचा थेंब टाकला की क्षणभर थांबून वर आला पाहिजे. लगेच उसळला तर तेल जास्त तापलंय, बाहेरून लाल आणि आत कच्चं राहील. चमच्याने अलगद सोडा, दाबू नका, उलटताना टोचू नका. एका घाण्याला तीन-चार मिनिटं. उरलेलं पीठ मीठ पडल्यावर ठेवता येत नाही, म्हणून एका वेळी दोन घाण्यांपुरत्याच पिठात मीठ-कांदा मिसळा. तळलेलं तेल गाळून ठेवा. त्यात मिरचीचा वास उतरलेला असतो, दुसऱ्या दिवशी ऑम्लेटला कामी येतं.